रात्री एक प्रकरण: मुलांना जाड पुस्तकांची गोडी लावताना

दुसरी-तिसरीतल्या मुलांचे आईवडील भेटले की एक तक्रार हमखास निघते. चित्रांची पुस्तकं होती तोवर मूल मांडीवरून उठायला तयार नसायचं. आता शंभर पानांचं पुस्तक समोर धरलं की "यात चित्रंच नाहीत" म्हणून पळतं. मग कुणी सक्ती करतं, कुणी बक्षीस लावतं, कुणी नाद सोडून देतं. नाशिकमध्ये इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारी मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्या घरी आणखी एक अडचण असते: घरात सगळे मराठी बोलतात, पण मराठी पान वाचायला घेतलं की पोरगं पहिल्याच जोडाक्षरापाशी अडतं.

इथे सांगते आहे ती वाट झोपायच्या वेळेची आहे. रोज रात्री मोठ्या माणसाने एक प्रकरण वाचायचं, मुलाने ऐकायचं. माझं ठाम मत आहे की जाड पुस्तकाची गोडी आधी कानाला लागते आणि डोळ्यांना मागाहून. सहा-सात वर्षांचं मूल स्वतः जेवढं वाचू शकतं, त्याच्या कितीतरी पुढचं त्याला ऐकून कळतं. ऐकताना अक्षरं लावण्याचे कष्ट नसतात, सगळं लक्ष गोष्टीकडे असतं. चित्रांच्या पुस्तकात गोष्ट दहा मिनिटांत संपते. मोठ्या पुस्तकात ती मधेच थांबते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुलाच्या मनात चालू राहते. ते थांबणं मुलाला हवंसं वाटायला लागलं की पुढचं बरंचसं आपोआप होतं.

आपल्याकडे ही पद्धत जुनी आहे. श्रावणात घरोघरी पोथी लागायची. नवनाथ भक्तिसाराचे ४० अध्याय, रोज एक किंवा दोन. वाचणारे आजोबा, ऐकायला वाड्यातली माणसं आणि कोपऱ्यात पेंगणारी पोरं. त्या पोरांना कुणी अर्थ विचारत नव्हतं, तरी उद्या नाथांचं काय होणार हे त्यांना पक्कं ठाऊक करून घ्यायचं असायचं.

मूल तयार आहे का, हे कसं ओळखायचं

वयापेक्षा दोन गोष्टी बघा. काल सांगितलेली गोष्ट त्याला आज आठवते का? आणि गोष्ट सांगताना ते मधेच "मग?" म्हणतं का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर सुरुवात करायला हरकत नाही, मग ते पाच वर्षांचं असो की आठ. त्याला वाचता येतं की नाही याचा इथे संबंध नाही. पंधरा मिनिटं स्थिर बसता येत नाही ही अडचण तर मुळीच नाही. बरीच मुलं ऐकताना उशीची टोकं चावतात, पाय भिंतीला लावून उलटी लोळतात आणि तरी शब्दन् शब्द ऐकत असतात.

पहिलं पुस्तक

सगळ्यात जास्त विचार इथे करा. चित्रांच्या पुस्तकावरून एकदम दोनशे पानांवर उडी मारू नका. मधली पायरी म्हणजे एकाच पात्राच्या सुट्या गोष्टी. गोष्ट एका रात्रीत पुरी होते, पण उद्या तेच पात्र पुन्हा भेटतं. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांतले राधा आणि यश यासाठी फार चांगले; चित्रं भरपूर आहेत आणि घरातलं बोलणं अगदी आपल्या घरातलं वाटतं. त्यानंतर दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. तिथे चित्रं कमी होतात, गोष्ट लांबते, पण बोक्या ओळखीचा झालेला असतो. ओळखीच्या माणसासाठी मूल बिनचित्रांची पानंही सहन करतं, आणि काही दिवसांनी चित्रं नाहीत हे त्याच्या लक्षातही येत नाही.

या पायरीवर महिना-दोन महिने जाऊ द्या. मग सलग गोष्टीचं, प्रकरणांचं पुस्तक घ्या. निवडताना तीन गोष्टी तपासा.

पहिलं म्हणजे प्रकरणाची लांबी. सावकाश, मुलाला कळेल अशा बेताने मोठ्याने वाचलं तर दीड हजार शब्दांना साधारण बारा ते पंधरा मिनिटं लागतात. छापील पुस्तकात ती सहा-सात पानं होतात. याहून फार लांब प्रकरणं असलेलं पुस्तक पहिल्या खेपेला नको.

दुसरं, संवाद. पान नुसतं नजरेखालून घाला. त्यावर अवतरण चिन्हं भरपूर दिसली, म्हणजे माणसं बोलताहेत. वर्णनाचे मोठे परिच्छेद डोळ्यांनी वाचायला सुंदर असतात. दिवसभर दमलेल्या मुलाच्या कानाला ते जड जातात.

तिसरं, तुमची स्वतःची जीभ. दुकानात किंवा वाचनालयात उभ्या उभ्या पहिलं पान हलक्या आवाजात वाचून बघा. तुम्ही अडखळलात, किंवा तुम्हालाच कंटाळा आला, तर ते पुस्तक कितीही नावाजलेलं असलं तरी परत ठेवा. महिनाभर रोज तुम्हालाच ते वाचायचं आहे.

ज्यांना नाव हवंच आहे त्यांच्यासाठी सांगते. सात-आठ वर्षांच्या मुलाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मोठ्याने वाचून दाखवण्यात वेगळीच मजा आहे. सायकल, धावपळ, चोर, आणि बन्याचं, म्हणजे फास्टर फेणेचं, ते "ट्टॉक!" जिभेने टाळूवर तो आवाज काढून दाखवा. पुढच्या प्रकरणात तो काढायचा मान मुलाचा. थोडं शांत काही हवं असेल तर 'तोत्तोचान' मराठीत आहे. त्यातली शाळा रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरते आणि प्रकरणं इतकी छोटी आहेत की एका रात्रीत दोन होतात. शेवटी युद्ध येतं आणि शाळा जळते, तेवढा भाग आपण आधी वाचून ठेवावा.

आणि 'श्यामची आई'. हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं, आणि त्याची बरीचशी प्रकरणं तिथेच लिहिली. आश्रमात प्रार्थना झाली की श्याम मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, म्हणून प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशीच नावं आहेत. रोज रात्री थोडं थोडं वाचण्यासाठी याहून नेमकी बांधणी कुठे मिळणार? आपल्याच गावात हे लिहिलं गेलं हे मुलाला जरूर सांगा. मुलं अशा गोष्टींनी एकदम सरसावून बसतात. पण पहिलं पुस्तक म्हणून हे घेऊ नका. त्यात दुःख खूप आहे, गरिबी आहे, आईचा मृत्यू आहे. आठ-नऊ वर्षांपर्यंत थांबा, आणि सुरुवातीला सगळ्या रात्री ओळीने वाचायचा हट्ट धरू नका. पोहायला जायला घाबरलेल्या श्यामची रात्र आधी वाचा. ती कुठल्याही मुलाला आपली वाटते.

पुस्तक आणायचं कुठून

सुरुवातीलाच दहा पुस्तकं विकत घेऊ नका. मुलाला काय रुचेल हे अजून कुणालाच ठाऊक नाही. सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० पासून नाशिकमध्ये आहे आणि तिथे मुलांची पुस्तकं मिळतात. शालिमारला खरेदीला जाताच, तर मुलाला बरोबर घेऊन वाचनालयात शिरा. त्याच्या हाताने पुस्तक निवडू द्या. तुम्ही तीन पुस्तकं काढून टेबलावर ठेवायची आणि त्यातलं एक त्याने उचलायचं, हा मार्ग मला सगळ्यात बरा वाटतो. पूर्ण मोकळीक दिली तर मूल कपाटापुढे गोंधळतं, आणि आपणच निवडलं तर ते पुस्तक 'आईचं' होऊन बसतं.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पुस्तकांची पेटी एका गटाकडे येते, आणि वाचून झाली की दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. हीच कल्पना सोसायटीतली चार-पाच घरं मिळून लहान प्रमाणात सहज राबवू शकतात. प्रत्येकाने मुलांची पाच पुस्तकं द्यायची आणि एक खोका घराघरातून फिरवायचा. शेजारच्या मुलाने वाचलेलं पुस्तक आपल्या मुलाला दुप्पट हवं असतं.

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरही मराठी गोष्टी मोफत आहेत. मात्र या दोन्ही गोष्टी दिवसा वापरा. किंवा पानं छापून घ्या. रात्री अंथरुणात मोबाइल आला की त्यावर गोष्ट असली तरी मुलाचं बोट दुसरीकडे जातंच, आणि आपलंही.

वेळ, जागा, दिवा

दात घासणं, शू, पाण्याचा तांब्या, उद्याचं दप्तर हे सगळं वाचनाच्या आधी उरका. नाहीतर रंगात आलेलं प्रकरण "मला तहान लागली" वर तुटतं. दिवा वाचणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवा, म्हणजे उजेड पानावर पडतो, मुलाच्या डोळ्यांवर नाही. खोलीतला मोठा दिवा बंद करा. तेवढ्यानेही घर शांत होतं.

सुरुवात करायला आपल्याकडचा सगळ्यात चांगला काळ म्हणजे दिवाळीनंतरचा. नाशिकची थंडी कशी असते हे वेगळं सांगायला नको. संध्याकाळी सात-साडेसातनंतर मुलं स्वतःहून गोधडीत शिरतात, खेळायला खाली जायचा हट्ट नसतो, आणि रात्र लांब असते. उन्हाळ्यात बसलेली सवय मामाच्या गावी गेल्यावर मोडते. थंडीत बसलेली सवय उन्हाळ्यात गच्चीवरच्या अंथरुणातही टिकते.

सातपूर-अंबडला पाळीत काम करणाऱ्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. एका आठवड्यात वडील रात्री घरी, दुसऱ्या आठवड्यात कामावर. अशा घरात दोन पुस्तकं एकाच वेळी चालू ठेवा: एक बाबांचं, एक आईचं. बाबांचं पुस्तक बाबांच्याच आवाजात चालायचं, ते कामावर असतील त्या आठवड्यात तिथेच थांबायचं. मुलं याची तक्रार करत नाहीत, उलट पाळी बदलायची वाट बघतात. दुसरा उपाय म्हणजे निघण्याआधी एक प्रकरण फोनवर बोलून ठेवणं. ते लावताना फोन उशाशी नको, लांब टेबलावर उपडा ठेवा आणि पुस्तक मात्र मुलाच्या हातात द्या.

रोज जमलं नाही तर? आठवड्यातून चार रात्री झाल्या तरी पुरे. पाहुणे, लग्नकार्य, आजारपण हे चालायचंच. मात्र दोन रात्रींपेक्षा मोठा खंड पहिल्या पुस्तकात पडू देऊ नका, कारण गोष्टीचा धागा अजून कच्चा असतो.

पहिली रात्र

"आजपासून आपण मोठं पुस्तक वाचणार" अशी घोषणा नको. नेहमीचं चित्रांचं पुस्तक वाचून झालं की सहज म्हणा, "याची दोनच पानं वाचून बघू." मुखपृष्ठ दाखवा. हा कोण असेल? हा एवढा का पळतोय? अनुक्रमणिका उघडून दोन-तीन प्रकरणांची नावं वाचा. चांगल्या प्रकरणाचं नाव ऐकूनच मूल अंदाज बांधायला लागतं. मग वाचायला लागा, आणि पहिल्या रात्री थोडं कमीच वाचा. काहीतरी घडायला लागलं, दार वाजलं, चिठ्ठी सापडली, की थांबा.

खूण ठेवायचं काम मुलाचं. जुन्या लग्नपत्रिकेची जाड, चकचकीत पट्टी कापून त्यावर त्याला हवं ते चित्र काढू द्या. ही खूण दर रात्री किती पुढे सरकली ते ते मूल बघतं. शंभर पानांची भीती जाण्यात या पट्टीचा वाटा मोठा आहे.

वाचायचं कसं

सावकाश. तुम्हाला जेवढं सावकाश वाटतं, त्याहूनही थोडं सावकाश. मूल ऐकता ऐकता डोक्यात चित्र उभं करत असतं, त्याला वेळ लागतो.

नाटकी आवाज जमत असतील तर काढा, नसतील तर सोडा; साध्या आवाजातही गोष्ट रंगते. पण एक गोष्ट सगळ्यांना जमते. पुस्तकातली आजी तुमच्या आजीसारखी बोलू द्या. ज्यांचं मूळ सटाणा, कळवण, मालेगावकडचं आहे त्यांनी आजीच्या तोंडी खुशाल अहिराणी घालावी. पुस्तकातलं वाक्य बदललं म्हणून कुणी रागावत नाही, आणि मुलाला एकदम कळतं की हे पुस्तक आपल्याच घराबद्दल आहे.

लांब वर्णन आलं तर गाळा. मोठ्याने वाचणाऱ्याला तो हक्क आहे. अवघड शब्द आला तर एका दमात अर्थ सांगून पुढे जा: "पडवी, म्हणजे घराबाहेरची छपराखालची जागा, तर त्या पडवीत…" बस. शब्द महत्त्वाचा असेल तर तो पुढे पुन्हा येईलच. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांना ओसरी, माजघर, कोनाडा, आड हे शब्द पुस्तकात सतत भेटतात आणि डोळ्यांपुढे काहीच येत नाही. रविवारी त्यांना जुन्या नाशकात घेऊन जा. गोदाघाटाच्या वरच्या बाजूला अजून काही वाडे उभे आहेत. ओसरीवर पाच मिनिटं बसलेलं मूल पुन्हा तो शब्द ऐकेल तेव्हा तुम्हाला थांबावं लागणार नाही.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी वाक्यावाक्याला इंग्रजीत अर्थ सांगायची सवय लावू नका. मूल मग मराठी वाक्य ऐकत नाही, अर्थाची वाट बघत बसतं. पहिले काही दिवस त्याला दहातले तीन शब्द कळणार नाहीत. कळू नयेत. आजूबाजूच्या सात शब्दांवरून ते तीन शोधून काढणं, यातच भाषा येते.

आणि आता माझी कळकळीची विनंती. प्रश्न विचारू नका. "सांग बरं, त्याने काय केलं?" "यातून आपण काय शिकलो?" दिवसभर शाळेत, क्लासमध्ये मुलांची परीक्षाच चाललेली असते. रात्रीच्या पंधरा मिनिटांत तरी कुणी त्यांना तपासू नये. गोष्टीचं तात्पर्य सांगण्याची आपल्याला फार हौस असते. ती इथे आवरावी. मूल स्वतःहून काही म्हणालं, "मी असतो तर पळून गेलो असतो", तर पुस्तक खाली ठेवून ते पूर्ण ऐका. त्या रात्री अर्धं प्रकरण राहिलं तरी चालेल.

थांबायचं कुठे

सगळी कला इथे आहे, आणि बहुतेक घरांत याकडेच लक्ष दिलं जात नाही. प्रकरण संपलं की थांबायचं, असं आपण धरून चालतो. पण पुष्कळ पुस्तकांत प्रकरणाच्या शेवटी गोष्ट एक श्वास घेते, सगळं नीट होतं, माणसं जेवून झोपतात. तिथे थांबलात तर मूलही समाधानाने झोपतं आणि सकाळी गोष्ट विसरतं. त्यापेक्षा पुढच्या प्रकरणाचं पहिलं पान वाचा आणि नवा पेच सुरू झाला की थांबा. किंवा प्रकरणाच्या मधेच, नेमक्या वळणावर. म्हणून रोजचं प्रकरण दुपारी एकदा चाळून ठेवा, थांबायच्या जागी पेन्सिलने बारीक टिंब करा. पुस्तक वाचनालयाचं असेल तर कागदाचा कपटा ठेवा.

एक फरक मात्र नीट सांभाळा. मुलाजवळ रात्रभरासाठी प्रश्न ठेवायचा, भीती ठेवायची नाही. "त्या पेटीत काय असेल?" हा प्रश्न. "तो माणूस सुरा घेऊन दाराशी उभा होता" ही भीती. भीतीच्या जागी कधीही थांबू नका. तो प्रसंग पार करा, मुलगा सुखरूप घरी पोचू द्या, मग पुढे एखादा हलका प्रश्न उभा राहीपर्यंत वाचा. हळव्या मुलांच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवं. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला एकदा गोष्टीने रात्री जागं ठेवलं, तर ते पुढचे काही दिवस पुस्तकाजवळ येत नाही.

थांबलात की "अजून एक पान!" येणारच. हा हट्ट ऐकायला किती गोड वाटतो! पाचपैकी एखाद्या रात्री ऐका, बाकीच्या रात्री प्रेमाने नाही म्हणा. रोज ऐकलंत तर वाट बघण्यातली गंमत जाते. कधीच ऐकलं नाहीत तर मूल मागायचं सोडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या व्हॅनची वाट बघताना सहज म्हणा, "मला वाटतं, ती चिठ्ठी मास्तरांनीच लिहिली." मूल लगेच वाद घालेल. शाळा सुटल्यावर आजीला काल काय झालं ते सांगू द्या. आजीने खोटं खोटं सगळं विसरावं. आणि रात्री वाचायला बसलात की "काल कुठे होतो?" असं विचारण्याऐवजी मुद्दाम चुकीचं सांगा: "काल तो नदीत पडला होता ना?" "नाही गं आई, तो झाडावर होता!" पुढची तीन वाक्यं मूल स्वतः सांगतं, काल झोप लागली म्हणून निसटलेलं त्याला भरून काढता येतं, आणि तपासल्यासारखं कुणालाच वाटत नाही.

मूल कंटाळलं तर

तीन रात्री द्या. चौथ्या रात्रीही खूण पुढे सरकवायला मूल उत्सुक नसेल तर पुस्तक बंद करा. "हे आपण पुढच्या वर्षी बघू" एवढंच म्हणा आणि दुसरं काढा. अर्धं सोडलेलं पुस्तक म्हणजे वाया गेलेले पैसे, असं मुलासमोर बोलू नका.

तेच पुस्तक पुन्हा हवं असेल तर आनंदाने पुन्हा वाचा.

घरात दोन मुलं असली तर धाकट्याचं चित्रांचं पुस्तक आधी. मग मोठ्याचं प्रकरण, आणि धाकट्याने शेजारी लोळत रंगवलं तरी चालेल. बऱ्याचदा धाकटंच जास्त ऐकत असतं. मोठं मूल नऊ-दहाचं असेल तर कधी कधी वाचायचं काम त्याला द्या. धाकट्या भावंडापुढे वाचताना त्याचं अडखळणंही कमी होतं.

पुस्तक त्याच्या हातात जाताना

दोन-तीन पुस्तकं ऐकून झाली की हळूच वाटणी सुरू करा. एका पात्राचे संवाद मुलाचे. "बन्या तू, बाकी सगळे मी." संवाद छोटे असतात, पुढे काय बोलायचं याचा अंदाज असतो, आणि आपली पाळी चुकू नये म्हणून डोळे ओळीवरून सरकायला लागतात. ऐकून ऐकून शब्द कानाच्या ओळखीचे झालेले असतात, त्यामुळे छापलेलं जोडाक्षर पूर्वीइतकं परकं वाटत नाही. अडलं तर शब्द पटकन सांगून टाका. तिथे अक्षरं फोडून उच्चार करायला लावू नका, तो अभ्यास दिवसा.

यानंतरची युक्ती माझी सगळ्यात आवडती. प्रकरण अगदी रंगात आलं असताना थांबा, पुस्तक मुलाच्या उशीशी ठेवा आणि म्हणा, "मी ओटा आवरून येते. दिवा दहा मिनिटं चालू राहू दे. हातात पुस्तक असेल तरच हं." आणि खरंच निघून जा. पहिल्या काही रात्री ते नुसतं पुस्तक उलटसुलट करेल. एखाद्या रात्री परत याल तेव्हा खूण तुम्ही ठेवलेल्या जागेच्या पुढे गेलेली असेल. त्याबद्दल काही बोलू नका, फोटो काढू नका, नातेवाइकांच्या गटावर टाकू नका. दुसऱ्या दिवशी "मला सांग बाई पुढे काय झालं, माझं वाचायचं राहिलं" म्हणा आणि तिथून पुढे वाचा.

मूल स्वतः वाचायला लागलं म्हणून रात्रीचं वाचन बंद करू नका. ते स्वतः वाचेल ती सोपी पुस्तकं, तुम्ही वाचून दाखवाल ती त्याच्या आवाक्याच्या दोन पायऱ्या वरची. दोन्ही एकमेकांना धरून चालतात. आमच्या घरी मोठी सहावीत गेली तरी रात्री पांघरूण ओढून ऐकायला येत होती.

पुस्तक संपलं की

शेवटचं प्रकरण शुक्रवारी किंवा शनिवारी येईल असा बेत ठेवा. त्या रात्री जरा उशीर झाला तरी चालतो, शेवट घाईत उरकला जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असते. शेवटच्या पानानंतर मुलं कधी गप्प होतात, कधी चिडतात, क्वचित रडतातही. "आता बन्या परत नाही येणार?" तेव्हा लगेच नवीन पुस्तक पुढे करू नका. एखाद-दोन रात्री जुनी चित्रांची पुस्तकं काढा, किंवा त्याच पुस्तकातलं सगळ्यात आवडलेलं प्रकरण पुन्हा वाचा.

पण पुढचं पुस्तक आधीच आणून ठेवलेलं असावं. चार-पाच दिवसांचा खंड पडला की ती वेळ टीव्हीकडे जाते आणि परत मिळवायला फार कष्ट पडतात. मूल एका पात्राच्या प्रेमात पडलं असेल तर त्याच पात्राचं दुसरं पुस्तक घ्या, एकाच लेखकाची ओळीने चार झाली तरी बिघडत नाही. मग एखादं अगदी वेगळ्या जातीचं: प्राण्यांचं, प्रवासाचं, शोध लावणाऱ्या माणसांचं. संपलेल्या पुस्तकाचं नाव आणि तारीख मुलाच्या अक्षरात कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर लिहायला लावा. वाचनालयात पुस्तक बदलायला जाल तेव्हा तो कागद बरोबर न्या, म्हणजे तेच पुस्तक नकळत दुसऱ्यांदा घरी येत नाही आणि कशासारखं पुस्तक हवंय हे मूल तिथल्या माणसांना स्वतः सांगू शकतं.